राजापूरचं तिकीट

आंबोलीच्या बाजारपेठेतून एक रस्ता घाट उतरून सावंतवाडीला आणि पुढे गोव्यात जातो, दुसरा बेळगावला, तिसरा आजऱ्यावरून कोल्हापूरकडे. वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलेला माल बेळगावच्या छावणीपर्यंत पोचावा म्हणून इंग्रजांनी हा घाट बांधून घेतला. तेव्हापासून वर येणारा-खाली जाणारा प्रत्येक जण इथे घटकाभर थांबतो. या तीन वाटांनी निवडणुकीचा हिशेब मांडला तर एक गंमत दिसते. गोव्यातून १९८० मध्ये संयोगिता राणे लोकसभेत गेल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या इचलकरंजीतून १९९९ आणि २००४ मध्ये निवेदिता माने निवडून आल्या. बेळगावातून २०२१ मध्ये मंगला अंगडी. तिन्ही वाटांच्या टोकांनी कधी ना कधी एक बाई दिल्लीला धाडली. आंबोली स्वतः जिथे मत देते, त्या आधीच्या राजापूर आणि २००९ पासूनच्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघाने मात्र १९५७ पासून आजतागायत एकही धाडलेली नाही.

खासदारांची यादी लहान आहे. नाथ पै, मधू दंडवते, सुधीर सावंत, सुरेश प्रभू, नीलेश राणे, विनायक राऊत, नारायण राणे. सदुसष्ट वर्षांत सात माणसं. पहिल्या दोघांची नावं घेताना आजही कोकणातला म्हातारा माणूस जरा ताठ बसतो, आणि ते रास्तच आहे. प्रश्न कुणाच्या कर्तृत्वाचा नाही. प्रश्न असा, की ज्या मुलखात बायकाच जास्त, तिथे हे घडलं कसं?

बायका जास्त ही बोलण्याची रीत नव्हे. २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे रत्नागिरी जिल्ह्यात ११२२ आणि सिंधुदुर्गात १०३६ स्त्रिया होत्या. महाराष्ट्रात हजाराच्या वर गेलेले जिल्हे हे दोनच. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. बाप्या मुंबईत, बाईल गावात. गिरण्यांच्या काळात चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला यायचा, बाकी वर्षभर त्याच्या नावाची मनिऑर्डर यायची. वर घाटमाथ्यावर चौकुळसारख्या गावांतून लष्करात जाण्याची जुनी परंपरा. शेत, गुरं, म्हातारी माणसं, तलाठ्याकडचा सातबारा, आंबोली-चौकुळ-गेळ्याच्या कबुलायतदार गावकर जमिनीचा पिढ्यान्‌पिढ्या रखडलेला तंटा हे सगळं गावात राहणाऱ्यांच्या वाट्याला. मतदानाच्या रांगेतही त्याच. म्हणजे मत द्यायला बाई, प्रचारफेरीत औक्षण करायला बाई, सभेला गर्दी करायला बाई. उमेदवाराचं नाव काढलं की मात्र ‘बायलमाणसाचा काम न्हय’.

पक्षांचं उत्तर याहून सभ्य असतं. ते ‘निवडून येण्याची क्षमता’ असा शब्द वापरतात. आमची इच्छा आहे हो, पण बाई निवडून यायला हवी ना! या उत्तराची परीक्षा कोकणातच, एकाच वेळी, शेजारशेजारच्या दोन मतदारसंघांत होऊन गेलेली आहे. ती आज फारशी कुणाला आठवत नाही.

१९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेवर झाली. काँग्रेस कोकणातून उखडली गेली. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, तो १९८१ च्या १ मे रोजी झाला. जुन्या अखंड रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागात राजापूर, उत्तर भागात रत्नागिरी असे दोन मतदारसंघ. राजापुरातून प्रजा समाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै आले. रत्नागिरीतून प्रेमजी आशर आले, जनसंघाचे. त्या वेळी जनसंघाचे लोकसभेत उणेपुरे चार खासदार होते. त्यातले एक अटलबिहारी वाजपेयी आणि एक आपल्या रत्नागिरीचे. काँग्रेसला हे चांगलंच झोंबलं असणार.

मग १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. लाटेतलं पाणी ओसरलं आणि यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसने गमावलेल्या जागा परत घ्यायची तयारी सुरू केली. १९६२ साठी रत्नागिरीत काँग्रेसने जो उमेदवार दिला, त्याने आजही भुवया उंचावाव्यात. नाव शारदा मुखर्जी.

मुखर्जी, आणि रत्नागिरीत! पण माहेर पंडितांचं. हे पंडित मूळचे दक्षिण कोकणातल्या बांबुळी गावचे. आजोबा सीताराम नारायण पंडित बॅरिस्टर होऊन राजकोटला स्थायिक झाले, तिथेच १९१९ मध्ये शारदाबाईंचा जन्म. काका रणजित पंडित, संस्कृतचे मोठे पंडित आणि विजयालक्ष्मी पंडितांचे पती. म्हणजे नेहरूंच्या घराशी नातं. शारदाबाईंचं लग्न १९३९ मध्ये सुब्रतो मुखर्जींशी झालं. पुढे ते हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. १९६० च्या नोव्हेंबरात टोकियोला गेले असताना जेवताना घास श्वासनलिकेत अडकून त्यांचा अंत झाला. वय पन्नाशीच्याही आत. त्यानंतर सव्वा वर्षाने, फेब्रुवारी १९६२ मध्ये, त्यांची विधवा पत्नी कोकणातल्या मतपत्रिकेवर होती.

आजच्या कुठल्याही जिल्हाध्यक्षाला हे नाव सुचवून बघा. तो मोडता घालायला एका दमात चार कारणं सांगेल. मतदारसंघातली नाही. नाव परप्रांतीय. जातीचं गणित बसत नाही. आणि बाई! १९६२ मध्ये ही चारही कारणं जशीच्या तशी हजर होती. शिवाय जागा हातातली नव्हती, मागच्या खेपेला विरोधकांनी जिंकलेली होती. तरी शारदा मुखर्जी निवडून आल्या. १९६७ मध्ये पुन्हा आल्या. रत्नागिरीने सलग नऊ वर्षं एका बाईला खासदार म्हणून ठेवलं.

त्याच १९६२ मध्ये काँग्रेसने महाराष्ट्रात ४४ पैकी ४१ जागा घेतल्या. उरलेल्या तिनात एक राजापूर होती. नाथ पैंना ती लाट हलवू शकली नाही. आंबोलीचा मतदार आपल्या बॅरिस्टरला निवडत होता आणि त्याच जिल्ह्यातला उत्तरेकडचा मतदार शारदाबाईंना. एकच भाषा, तीच माणसं, तेच मुंबईचे रस्ते. एकीकडे मतदारांनी पक्षाची लाट धुडकावली, दुसरीकडे बाई असण्याला हरकत घेतली नाही. कोकणी मतदार मागासलेला, तो बाईला मत देणार नाही, हे म्हणणं इथेच निकालात निघतं. ज्याला मत द्यायचं त्याला तो देतो. नाव कुणाचं छापायचं हे मात्र त्याच्या हातात नसतं.

शारदाबाईंना राजकारणाचा वारसा नवऱ्याकडून आलेला नव्हता, हे इथे मुद्दाम नोंदवायला हवं. सुब्रतो मुखर्जी सैनिक होते. त्यामुळे रत्नागिरीची जागा ही सहानुभूतीची वारसा जागा नव्हती. दिल्लीतल्या नातेसंबंधांचा उपयोग झालाच नसेल असं मी म्हणणार नाही, पण असे संबंध असलेल्या पुरुषांना कुठे कुणी जाब विचारतो? पुढे १९७७ मध्ये त्या आंध्र प्रदेशच्या आणि १९७८ मध्ये गुजरातच्या राज्यपाल झाल्या, दोन्हीकडे पहिल्या महिला. १९७१ मध्ये मात्र रत्नागिरीतून काँग्रेसचे शांताराम पेजे निवडून आले. त्यांच्यानंतर बापूसाहेब परुळेकर, हुसेन दलवाई, गोविंदराव निकम, अनंत गीते. मतदारसंघ मोडेपर्यंत रत्नागिरीतून दुसरी बाई लोकसभेत गेली नाही.

१९७१ च्या जानेवारीत राजापूर अनाथ झालं. लोकसभा विसर्जित झाली होती, निवडणूक तोंडावर होती, आणि १८ जानेवारीला बेळगावात नाथ पै गेले. वय अठ्ठेचाळीस. वेंगुर्ल्याच्या या पोराचं बोलणं ऐकायला लोक घाट तुडवून यायचे. प्रजा समाजवादी पक्षाने त्यांच्या जागी मधू दंडवते यांना उभं केलं. दंडवते मूळचे अहमदनगरचे, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे प्राध्यापक. राजापूरच्या मतदारांनी ‘गरिबी हटाव’च्या त्या लाटेतही या परक्या प्राध्यापकाला निवडून दिलं. देशभरात प्रजा समाजवादी पक्षाच्या दोनच जागा आल्या, त्यातली एक ही. बाहेरचा उमेदवारही आम्ही स्वीकारतो, पक्षाने नीट निवडला तर, असं राजापूरने तेव्हाच सांगून ठेवलं. ‘स्थानिक हवा’ हे कारण पुढे फार वेळा पुढे केलं गेलं, म्हणून हे लक्षात ठेवावं.

दंडवत्यांच्या घरातच दुसरा खासदार होण्याजोगं माणूस होतं. प्रमिलाताई, माहेरच्या करंदीकर, सेवादलात वाढलेल्या. आणीबाणीत नवरा बंगळूरच्या तुरुंगात आणि बायको येरवड्यात. दोघांमधली पत्रं तेवढी ये-जा करत होती. १९८० मध्ये इंदिराबाई परत आल्या, जनता पक्ष देशात ३१ जागांवर आला. महाराष्ट्रात ४८ पैकी आठ. त्या आठांत दोन दंडवते. मधूराव राजापुरातून, प्रमिलाताई मुंबई उत्तर मध्यमधून. नवराबायको एकाच सभागृहात! लोकसभेत प्रमिलाताईंनी हुंडाबंदी कायद्यात दुरुस्तीसाठी खासगी विधेयक आणलं, त्यातून चर्चेला तोंड फुटलं आणि १९८४ मध्ये कायदा बदलला.

प्रमिलाताईंची जागा मुंबईतली होती, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्याच मुंबई उत्तर मध्यमधून १९७७ मध्ये अहिल्या रांगणेकर आल्या होत्या, मार्क्सवादी. मुंबई उत्तरमधून मृणाल गोरे आल्या आणि ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा घरोघरी झाली. या तिघींना तिकीट कुणी उपकार म्हणून दिलं नव्हतं. लाटणं मोर्चे, महागाईविरोधी आंदोलन, गोरेगावच्या नळावरची भांडणं असं वीस-पंचवीस वर्षांचं काम त्यांच्या पाठीशी होतं. मुंबईत ते काम बाईला करता येत होतं, कारण तिथे ट्रेड युनियन होत्या, पालिकेचे वॉर्ड होते, मोर्चाला लागणारी वस्ती जवळजवळ होती. त्या मोर्चांत मालवणी बायका नव्हत्या असं कोण म्हणेल? लालबाग-परळच्या चाळी त्यांनीच भरलेल्या होत्या. कोकणातली बाई राजकारणात आली ती मुंबईच्या चाळीत. गावाकडे तिच्याकडे घर राखायचं काम होतं, आणि तेवढ्या कामाला पक्षाच्या दप्तरात नोंद नसते.

याच काळात महाराष्ट्रात दुसरी एक वाट रुळत होती. १९६७ मध्ये मुंबई ईशान्यमधून निवडून आलेले स. गो. बर्वे लगेच वारले, तेव्हा पोटनिवडणुकीत काँग्रेसने त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांना उभं केलं आणि त्यांनी व्ही. के. कृष्ण मेनन यांचा पराभव केला. १९७३ मध्ये कराडला दाजीसाहेब चव्हाण गेल्यावर प्रेमलाकाकी आल्या. १९८३ मध्ये वसंतदादा मुख्यमंत्री झाल्यावर सांगलीत शालिनीताई पाटील. कुणी गेला, कुणी वर चढला, की मोकळी झालेली जागा घरातल्या बाईने सांभाळायची. यातल्या काही जणी फारच कर्तबगार निघाल्या. प्रेमलाकाकी तर प्रदेशाध्यक्षही झाल्या आणि नंतर प्रभा राव झाल्या. तरी महाराष्ट्राच्या यादीवर शेवटची सही दिल्लीतच होत राहिली.

आंबोलीच्या तीन वाटांवरची उदाहरणं बहुतेक याच जातीची. निवेदिता मानेंचे सासरे बाळासाहेब माने इचलकरंजीचे अनेक वर्षांचे खासदार. निवेदिताताईंचे चिरंजीव धैर्यशील माने आता त्याच भागाचे, हातकणंगल्याचे खासदार आहेत. बेळगावात रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी २०२० मध्ये करोनाने गेले, २०२१ च्या पोटनिवडणुकीत भाजपने त्यांच्या पत्नीला उभं केलं. मंगलाताई पाच हजारांच्या थोड्या वर मतांनी वाचल्या. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या उमेदवाराने त्या वेळी लाखावर मतं खाल्ली होती, सीमाभागातल्या मराठी माणसाला ती निवडणूक त्याच्यासाठी आठवते. २०२४ मध्ये बेळगावचं तिकीट त्यांच्याकडून जगदीश शेट्टर यांच्याकडे गेलं. शेट्टर हे त्यांचे व्याही. जागा घरातच राहिली म्हणायची, फक्त बाईकडून काढून. गोव्यात संयोगिता राणे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या, आणि तो काळ शशिकला काकोडकरांचा. भाऊसाहेब बांदोडकरांनंतर त्यांची लेक १९७३ ते १९७९ मुख्यमंत्री होती. संयोगिताबाईंनंतर आजवर गोव्यातून लोकसभेत दुसरी बाई गेलेली नाही. २०२४ मध्ये भाजपने दक्षिण गोव्यात पल्लवी धेंपे यांना उभं केलं, त्या हरल्या.

तिकीट मिळण्याचे बायकांसाठी दोनच हमरस्ते आहेत असं या साऱ्यावरून दिसतं. एक तर जागा पक्षाने आधी गमावलेली असावी, नाहीतर घरातला पुरुष गेलेला किंवा पुढच्या पायरीवर चढलेला असावा. खात्रीची, भरलेल्या ताटासारखी जागा बाईपुढे क्वचितच सरकवली जाते. राजापूर १९५७ पासून समाजवाद्यांची खात्रीची जागा. १९९६ पासून चार निवडणुका सुरेश प्रभूंच्या रूपाने शिवसेनेची खात्रीची. २००९ नंतर राणे आणि शिवसेना यांच्यातल्या वर्चस्वाची लढाई, त्यात तिकीट म्हणजे प्रतिष्ठेचा ध्वज. अशा जागेत बाई शिरणार कुठून?

ही गोष्ट अभ्यासकांनी फार पूर्वी सांगून ठेवली होती. १९७१ मध्ये नेमलेल्या भारतीय स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या समितीने १९७४ मध्ये अहवाल दिला. मुंबईच्या कामगार नेत्या मणिबेन कारा या समितीत होत्या. विधिमंडळात राखीव जागा नकोत असं बहुमताने ठरलं. लोतिका सरकार आणि वीणा मजुमदार यांनी वेगळं मत नोंदवलं. पक्षांनी मात्र आपल्या उमेदवारांत स्त्रियांचा वाटा ठरवावा, सुरुवात १५ टक्क्यांनी करावी, असं समितीने सुचवलं. पक्षांनी अहवाल मान डोलावून घेतला आणि बाजूला ठेवला. १५ टक्के अजून दूरच आहेत. २०२४ मध्ये लोकसभेच्या ५४३ खासदारांत ७४ स्त्रिया आल्या. महाराष्ट्रात ४८ पैकी सात, म्हणजे २०१९ पेक्षाही एक कमी.

इतर देशांनी हा प्रश्न थेट पक्षांच्या दारात नेला. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाने काही मतदारसंघांत फक्त स्त्रियांचीच यादी ठेवायची असं ठरवलं. १९९६ मध्ये न्यायाधिकरणाने ते बेकायदा ठरवलं, तोवर बऱ्याच निवडी झालेल्या होत्या, आणि १९९७ मध्ये त्या पक्षाच्या १०१ स्त्रिया एकदम संसदेत आल्या. फ्रान्सने २००० मध्ये कायदा करून पुरेशा बायका उभ्या न करणाऱ्या पक्षांचं सरकारी अनुदान कापायला सुरुवात केली. आपल्याकडेही अशी सूचना झाली. मधु किश्वर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि मुख्य निवडणूक आयुक्त एम. एस. गिल यांनीही, जागा राखीव न ठेवता पक्षांनाच ठराविक प्रमाणात स्त्री उमेदवार देणं भाग पाडावं असं मांडलं. पक्षांना हे रुचलं नाही. राखीव जागा म्हणजे नशिबाचा फेरा, आपल्यावर आली तर बघू. यादीवर बंधन म्हणजे थेट कोठीतच हात!

राखीव जागांचं विधेयक १९९६ च्या सप्टेंबरात आलं आणि पुढची सत्तावीस वर्षं लोंबकळलं. प्रमिला दंडवते त्याच्या खंद्या पुरस्कर्त्या होत्या. २००१ च्या शेवटच्या दिवशी त्या गेल्या, तेव्हा ते तसंच पडून होतं. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेने ते १८६ विरुद्ध एक असं मंजूर केलं. तो एक म्हणजे शरद जोशी. १९८६ मध्ये चांदवडला लाखो शेतकरी बायकांना जमवणारा, स्थानिक निवडणुकांत संपूर्ण महिला पॅनेलं उभी करायला सांगणारा हा माणूस. मतदारसंघ दर निवडणुकीला फिरवत नेण्याच्या पद्धतीवर त्यांचा आक्षेप होता. आरक्षणाला विरोध म्हणून त्यांची थट्टा झाली, पण आक्षेप पोकळ नव्हता, हे कोकणातल्या पंचायतींनी दाखवलं आहे.

महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत बायकांना ३० टक्के जागा १९९० मध्येच दिल्या, घटनादुरुस्तीच्या आधी. २०११ मध्ये त्या ५० टक्के झाल्या. सिंधुदुर्गात सरपंच, सभापती, जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष अशा खुर्च्यांवर बायका बसल्या, काम करत्या झाल्या. पाच वर्षांनी फेरा फिरतो, प्रभाग खुला होतो आणि तिकीट पुरुषाकडे जातं. जिने पाणीयोजना मार्गी लावली तिला पक्ष सांगतो, ताई, आता तुमचा वॉर्ड खुला झाला, जरा सबुरीने घ्या. आरक्षण उठलं की बाईही उठते. त्यामुळे पंचायतीपासून संसदेपर्यंतची शिडी पाहिली तर खालच्या पायऱ्यांवर गर्दी आणि मधल्या पायऱ्या काढून नेलेल्या. मग पक्ष म्हणतात, लोकसभेच्या लायकीची कार्यकर्ती दाखवा!

तिकीट म्हणजे प्रत्यक्षात काय, हेही एकदा पाहून घ्यावं. दोन कागद असतात. त्यांना एबी फॉर्म म्हणतात. ‘ए’ फॉर्मवर पक्ष लिहून देतो की आमच्या वतीने उमेदवार कोण ठरवणार. ‘बी’ फॉर्मवर त्या अधिकृत माणसाने उमेदवाराचं नाव लिहायचं. सही शाईची हवी, रबरी शिक्का चालत नाही. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत हा कागद निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचला पाहिजे, नाहीतर चिन्ह गेलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा अर्ज रत्नागिरीच्या कलेक्टर कचेरीत भरायचा. आंबोलीपासून ते अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतचा हा लांबलचक पट्टा, सहा विधानसभा, आणि त्याचं भवितव्य एका कागदावरच्या एका नावात. तो कागद भरला जातो मुंबईत, दिल्लीत, कुणाच्या बंगल्यावर. त्या खोलीत बायका किती होत्या याची मोजणी कुणी करत नाही.

त्या ‘बी’ फॉर्मवर आणखी एक रकाना आहे, पर्यायी उमेदवाराचा. मुख्य अर्ज छाननीत बाद झाला तर हा पर्यायी उमेदवार. महाराष्ट्रात याला डमी म्हणतात, आणि कितीतरी ठिकाणी तिथे उमेदवाराच्या बायकोचं नाव असतं. पतीसोबत कचेरीत यायचं, शपथ घ्यायची, फोटो काढायचा, मुख्य अर्ज वैध ठरला की विषय संपला. २०२४ मध्ये बारामतीत उलटं घडलं. सुनेत्रा पवार सुप्रिया सुळेंविरुद्ध उभ्या होत्या आणि त्यांचा डमी अर्ज अजित पवारांनी भरला होता. बातमी झाली ती त्यामुळेच. बायको डमी असती तर कुणी ओळही छापली नसती.

सप्टेंबर २०२३ मध्ये नव्या संसद भवनात विधेयक अखेर मंजूर झालं. लोकसभेत ४५४ विरुद्ध दोन. आता ती १०६ वी घटनादुरुस्ती आहे. लोकसभा आणि विधानसभांत एकतृतीयांश जागा स्त्रियांना, पण जनगणना आणि त्यानंतरची मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर. म्हणजे जागा कुठली, हे पुनर्रचना ठरवणार. त्या जागेवर बाई कुठली, हे ठरवणारी खोली मात्र जुनीच.

कायदा झाल्यावरच्या पहिल्याच लोकसभा निवडणुकीत, २०२४ मध्ये, आंबोलीच्या मतदारापुढे मुख्य लढत नारायण राणे आणि विनायक राऊत यांची होती. राणे ४७ हजारांवर मतांनी जिंकले. त्यानंतर सरकारला बायका मतदार म्हणून नव्याने सापडल्या. ऑगस्टपासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे महिन्याला दीड हजार खात्यात येऊ लागले, बँकेत केवायसीच्या रांगा लागल्या. योजना चालवणाऱ्या खात्याच्या मंत्री आदिती तटकरे, शेजारच्या रायगडच्या, खासदार सुनील तटकऱ्यांच्या कन्या. नोव्हेंबरात विधानसभा लागली. सावंतवाडी मतदारसंघात शरद पवारांच्या राष्ट्रवादीच्या महिला आघाडीत वर्षानुवर्षं काम केलेल्या अर्चना घारे-परब इच्छुक होत्या. महाविकास आघाडीच्या जागावाटपात सावंतवाडी ठाकरेंच्या शिवसेनेकडे गेली आणि तिकीट राजन तेलींना. घारे-परब यांनी माघार घेतली नाही. आंबोलीच्या मतदान यंत्रावर दीपक केसरकरांचं नाव होतं, तेलींचं होतं, भाजपचे बंडखोर विशाल परब यांचं होतं, आणि एका बाईचंही होतं, कुठल्याही पक्षाच्या चिन्हाशिवाय. केसरकर निवडून आले.